युद्धाचे नियम मोडले, तरी ते धर्मयुद्धच?

मुक्ता_वाचते
आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी जमून महाभारताचं मराठी भाषांतर वाचतो. वर्ष होऊन गेलं, आता द्रोणपर्वात आहोत. परवा चौदाव्या दिवसाचं युद्ध वाचत होतो. कौरवांकडच्या भूरिश्रव्याने पांडवांकडच्या सात्यकीला केसांना धरून फरफटत आणलंय, छातीवर लाथ घातलीय, तलवार उगारलीय. तेवढ्यात भलतीकडूनच अर्जुनाचा बाण येतो आणि त्याचा हात तलवारीसकट तुटून पडतो. भूरिश्रवा विचारतो, मी तुझ्याशी लढत नव्हतो, माझं तुझ्याकडे लक्षसुद्धा नव्हतं, हे तुला कुणी शिकवलं? मग उरलेल्या डाव्या हाताने बाण अंथरतो आणि प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट बघत, बसतो. अर्जुन, कृष्ण, आजूबाजूचे सगळे नको नको म्हणत असताना सात्यकी येऊन त्याचं डोकं उडवतो.

आमच्या गटात एक निवृत्त सुभेदार आहेत. त्या दिवशी वाचायची पाळी त्यांची होती. इथे ते थांबले, चष्मा काढला आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "पुढचं तुम्ही वाचा ताई." एवढंच म्हणाले. नंतर चहा झाला, गप्पा झाल्या, पण ते त्या दिवशी बोललेच नाहीत.

भीष्मपर्वाच्या पहिल्याच अध्यायात दोन्ही पक्षांनी बसून नियम ठरवलेत. रथीने रथ्याशी, हत्तीवरच्याने हत्तीवरच्याशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी लढायचं. दुसऱ्याशी गुंतलेल्यावर, बेसावधावर, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र किंवा कवच नसलेल्यावर वार करायचा नाही. आणि पुढच्या अठरा दिवसांत यातलं काय उरलं? अभिमन्यूला सहा जणांनी घेरलं. शिखंडीला पुढे करून भीष्मांना पाडलं. द्रोण, कर्ण, दुर्योधन, प्रत्येकाच्या वेळी काही ना काही मोडलंच.

मग याला आपण धर्मयुद्ध कशावरून म्हणतो? कशासाठी लढलं त्यावरून, की कसं लढलं त्यावरून? मला खरंच उत्तर हवंय, कारण येत्या रविवारी सुभेदारकाकांच्या शेजारीच बसायचंय.

सह्यकडा
कशासाठी लढलं त्यावरून. युद्ध टाळायचा प्रयत्न पांडवांनी किती केला ते पाहा ना. युधिष्ठिराने संजयाबरोबर निरोप धाडला की निदान पाच गावं द्या: अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवं तुम्हाला वाटेल ते. अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर आलेला माणूस आणखी काय करणार? वर कृष्ण स्वतः शिष्टाईला गेला. सुईच्या अग्रावर राहील एवढी मातीही देणार नाही म्हटल्यावर युद्ध उरतंच. सगळे मार्ग संपल्यावर, हक्कासाठी लढलेलं ते धर्मयुद्ध. मैदानात काय झालं तो पुढचा प्रश्न.

रानपाखरू
वाचतेय. सुभेदारकाका काय म्हणाले ते नक्की लिही.

काळी_शाई
सह्यकडा, नाही पटलं. जो तो स्वतःच्या युद्धाला हक्काचंच म्हणतो. दुर्योधनही मरताना स्वतःला अन्यायी मानत नव्हता. "मैदानात काय झालं तो पुढचा प्रश्न" म्हटलं की सगळंच माफ होतं.

आणि हे नियम होते तरी कुणासाठी? रथात बसणाऱ्यांसाठी. दोन्हीकडची मिळून अठरा अक्षौहिणी सेना, त्यातल्या पायदळातल्या माणसाला अर्जुनाचा बाण लागला तेव्हा 'समान शस्त्राने लढ' असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मनुस्मृतीचा सातवा अध्याय काढून बघा. नव्वदाव्या श्लोकात म्हटलंय की लपवलेल्या शस्त्रांनी, विषारी किंवा पेटत्या बाणांनी मारू नये. पुढे झोपलेला, हात जोडलेला, केस सुटलेला, 'मी तुझाच' म्हणणारा, घाबरलेला, नुसता बघत उभा असलेला यांना मारू नये अशी मोठी यादी आहे. वाचायला फार छान वाटते. पण त्याच अध्यायात १९५वा श्लोक आहे: शत्रूला वेढा घालून बसावं, त्याच्या राष्ट्राला पीडा द्यावी, त्याची वैरण, अन्न, पाणी, सरपण नासवावं. गडाखालच्या गावात पाणी कोण पितं? हात जोडलेला योद्धा वाचतो आणि घागर घेऊन आलेली बाई मरते. कौटिल्य तर अर्थशास्त्रात सरळ तीन युद्धं सांगतो: प्रकाशयुद्ध, कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध, म्हणजे गुपचूप माणसं फितवून, मारून केलेलं. मला हे नियम म्हणजे सरदारांनी आपापसात केलेली सोय वाटते.

अनुष्टुभ
काळी शाई, श्लोक तुम्ही बरोबर सांगितलेत आणि १९५व्याचं समर्थन करायची माझी मुळीच इच्छा नाही. पण तीनच श्लोक पुढे जा. १९८ म्हणतो की साम, दाम, भेद यांनी शत्रूला जिंकायचा यत्न करावा, युद्धाने कधीही नाही. १९९ कारण देतो: लढणाऱ्या दोघांपैकी कुणाचा जय होईल याचा भरवसा नसतो, म्हणून युद्ध टाळावं. त्यात दयेचा शब्द नाही, नुसता हिशेब आहे. मला तो हिशेबही मोलाचा वाटतो.

सरदारांची सोय म्हणालात, तर भीष्मपर्वातली यादी पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचा. मुक्ताताईंनी दिलेल्या ओळींनंतर एक श्लोक आहे: सारथ्यांवर, ओझी ओढणाऱ्या जनावरांवर, शस्त्रं आणून देणाऱ्यांवर, भेरी आणि शंख वाजवणाऱ्यांवर कधीही प्रहार करू नये. यातला एकही सरदार नाही. एक तर बैल-घोडेच आहेत. ज्याने हा श्लोक रचला त्याने रणांगण रथाच्या उंचीवरून पाहिलेलं नाही. त्याला भात्यातले बाण संपल्यावर पळत येणारा पोरगा दिसलाय.

कौटिल्याचंही तसंच. तेराव्या अधिकरणात किल्ला घेतल्यावर काय करायचं ते येतं: पडलेले, पाठ फिरवलेले, शरण आलेले, केस सुटलेले, शस्त्र टाकलेले, भीतीने चेहरा उतरलेले आणि न लढणारे, या सगळ्यांना अभय द्यायचं. विषप्रयोग आणि गुप्तहेर सांगणारा माणूस हे सांगतो! विजेत्यांचे तो तीन प्रकार करतो: नमण्यावर समाधान मानणारा धर्मविजयी, जमीन आणि धन हवं असणारा लोभविजयी, आणि जमीन, धन, बायका-मुलं, प्राण सगळंच घेणारा असुरविजयी. तेव्हा 'कसं जिंकलं' यावर विजेत्याची जात ठरते. कशासाठी लढलं ते त्यात विचारलेलंच नाही.

निशिगंध
मौर्यांच्या दरबारी आलेल्या ग्रीक वकिलाचं, मेगॅस्थेनिसचं, कुणी काढलं नाही अजून. दोन सैन्यं जवळच लढत असतात आणि शेतकरी निवांत नांगरत असतो, त्याला कुणी हात लावत नाही, असं तो लिहून गेलाय. परदेशी वकिलाला राजधानीत बसून किती दिसलं असेल हा प्रश्न आहेच. पण त्याला हे नवल वाटलं आणि त्याने टिपून ठेवलं, एवढं नक्की.

दर्यावर्दी
विषय थोडा आपल्याकडे आणतो. कूटयुद्ध म्हटलं की मला गनिमी कावाच आठवतो. सांगून-सवरून, दिवस आणि जागा ठरवून लढणं म्हणजेच धर्मयुद्ध असेल तर शिवाजी महाराजांनी एकही लढाई जिंकली नसती. रात्रीचा छापा हा दुबळ्याचा मार्ग आहे. दहापट सैन्यासमोर मैदानात उभं राहणं हा धर्म होऊ शकत नाही.

पण महाराजांनी नियम सोडले का? नाही, त्यांची जागा बदलली. राज्याभिषेकाच्या सुमाराचं त्यांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं पत्र मिळालं तर मुळातून वाचा. घोडदळ पावसाळ्यापुरतं तिथे राहिलंय, दाणागोटा मोजका आहे. महाराज लिहितात की वैरण आत्ताच उधळून टाकाल तर पुढे मिळणार नाही. मग तुम्ही कुणब्याकडून दाणे आणाल, भाकर आणाल, गवत, फाटे, भाजीपाला आणाल. जीव धरून राहिलेले कुणबी मग घरं सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मोगल मुलखात आला त्याहून तुम्ही वाईट असं त्यांना वाटेल. जे लागेल ते बाजारातून विकत आणा. आणि तिथेच ते आगीबद्दल लिहितात: रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल.

उंदराच्या तोंडातली वात! राज्य उभं करत असलेला राजा स्वतःच्याच सैन्यापासून रयतेला वाचवायला एवढ्या बारकाईने बोलतोय. मला धर्मयुद्धाचा अर्थ शंखनादापेक्षा या पत्रात जास्त सापडतो. शत्रूच्या मुलखातही बायका-मुलं धरू नयेत हा त्यांचा नियम बखरकार सभासदाने नोंदवलाय, आणि महाराजांचा राग करणाऱ्या मोगल इतिहासकार खाफीखानानेही बायकांच्या बाबतीत त्यांना चांगलंच म्हटलंय.

काळी_शाई
दर्यावर्दी, पत्राबद्दल मनापासून सहमत. ते पत्र मी कितीदा वाचलंय याला गणती नाही. पण मग तेवढ्याच मनापासून पुढचंही बोलू या.

सत्तर वर्षांनी, १७४२पासून, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये जात होत्या. तिथल्या लोकांनी त्यांना 'बर्गी' म्हटलं, आपल्या 'बारगीर' शब्दावरून. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ते डोळ्यांपुढे उभं केलंय: गावं जाळली, पैशासाठी माणसांचे हात आणि नाक-कान कापले, बायकांवर अत्याचार केले. तिकडच्या अंगाईगीतात आजही बाळाला निजवताना बर्गी आले असं सांगतात. उलट बाजूनेही धर्म पाळला गेला नाही. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकरांना बोलणी करायला तंबूत बोलावून मारलं. वकील आणि बोलणीला आलेला अवध्य, हा नियम रावणाच्या दरबारातसुद्धा बिभीषणाने हनुमंतासाठी मांडला होता.

चिपळूणच्या पत्राचे वारस आपण म्हणवतो, तर बंगालच्या गावांचेही आहोतच.

सह्यकडा
काळी शाई, पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. लगेच लिहिणार होतो की हे सगळं शत्रूंनी रंगवलंय. मग थांबलो. गंगाराम स्वतः हिंदू, त्याच्या गावातली माणसं हिंदू, तो कुणाची बाजू घेऊन लिहिणार? चौथाई वसूल करायचा हक्क होता असं आपण म्हणतो. म्हणजे मी वर जे लिहिलं तेच: हक्कासाठी लढलं की धर्मयुद्ध. त्या कसोटीवर बंगालही बसतो, आणि ते मला मान्य होत नाही. माझं पहिलं उत्तर अपुरं होतं.

वाटसरू_२१
+१. असं कबूल करायला बळ लागतं, सह्यकडा.

शेवंती
मी फारसं वाचलेलं नाही, घरचं सांगते. माझे वडील १९७१च्या युद्धानंतर काही महिने युद्धकैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला होते. तेव्हा सुमारे ९३,००० माणसं आपल्या ताब्यात होती आणि १९७४पर्यंत ती परत पाठवली. बाबा लढाईबद्दल कधी बोलत नसत, छावणीबद्दल बोलत. म्हणायचे, तोवर समोरचा माणूस म्हणजे झाडाआडची हालचाल. छावणीत पहिल्यांदा त्याला सकाळी तुटक्या आरशात बघून दाढी करताना पाहिलं. एकाला पत्र लिहायचं होतं, पण हाताला पट्टी होती. बाबांनी त्याच्यासाठी कार्ड धरून ठेवलं, तो डाव्या हाताने लिहीत होता. मजकूर वाचता येत नव्हता, उर्दू होती.

मी एकदा विचारलं, राग नाही आला? आपली माणसं गेली होती ना? ते म्हणाले, "तो माझ्या ताब्यात होता."

अनुष्टुभ
शेवंती, तुमच्या वडिलांचं वाक्य शांतिपर्वात भीष्म वेगळ्या शब्दांत सांगतात. शस्त्र मोडलेला, धनुष्याची दोरी तुटलेली, वाहन मेलेलं असा शत्रू हाती आला तर त्याला मारू नये. जखमी असेल तर आपल्या मुलखात उपचार करावेत किंवा त्याच्या घरी पोचवावं. बरा झाल्यावर सोडून द्यावं. हा सनातन धर्म, असं म्हणून ते श्लोक संपवतात. आजच्या भाषेत हे १९४९च्या जिनिव्हा करारांत येतं, आपल्याकडे त्यासाठी १९६०चा कायदा आहे.

आणि हे सांगताना भीष्म शरशय्येवर आहेत हे विसरू नका. शिखंडीआडून आलेले बाण अंगात आहेत आणि ज्यांनी ते मारले त्यांनाच ते जखमी शत्रूचे उपचार शिकवताहेत.

निशिगंध
अस्त्रांचाही विचार व्हावा. इंद्रजित अदृश्य होऊन मारतोय म्हणून लक्ष्मण चिडतो आणि ब्रह्मास्त्राने सगळेच राक्षस संपवतो म्हणतो. राम त्याला अडवतो: एकासाठी पृथ्वीवरच्या सगळ्या राक्षसांना मारणं तुला योग्य नाही. मग न लढणारा, लपलेला, हात जोडलेला, शरण आलेला, पळणारा, मत्त, यांना मारू नये असं सांगतो. सीता अजून लंकेत आहे, समोर रोज वानर मरताहेत, अशा वेळी तो हे बोलतो.

१९९६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अण्वस्त्रांवर सल्लामत दिलं गेलं, तेव्हा श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी आपल्या असहमतीच्या मतात रामायण-महाभारतातले असे प्रसंग मांडले होते. आपल्याकडे मात्र ब्रह्मास्त्र हे क्षेपणास्त्र होतं की नाही यावरच धागे निघतात. ते वापरायचं नाही असं राम म्हणाला, याची आठवण कुणी काढत नाही.

दर्यावर्दी
रामाचं म्हणाल तर वालीवध? झाडाआडून मारलं. वालीने मरताना विचारलेले प्रश्न भूरिश्रव्याचेच आहेत, आणि रामाने दिलेलं उत्तर मला आजवर पटलेलं नाही. श्रद्धा असूनही नाही.

रानपाखरू
दर्यावर्दी, तुम्हाला पटलं नाही याचं कारण वालीचे प्रश्न कुणी वगळले नाहीत हे आहे. ते आपल्यापर्यंत पूर्णच्या पूर्ण आले. आजी रामायण सांगायची तेव्हा वालीचं बोलणं सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगायची.

अनुष्टुभ
रानपाखरू, यावरून आठवलं, आणि मूळ धाग्याकडे परत येतो. मुक्ताताई, सात्यकीने डोकं उडवल्यावर लोक त्याला दोष देतात तो भाग तुम्ही वाचला का? तिथे थोडं थांबा. सात्यकी स्वतःच्या बचावासाठी म्हणतो, वाल्मीकीने पूर्वी एक श्लोक गायलाय: शत्रूंना पीडा होईल ते करावंच.

हा श्लोक वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात सापडतो. पण तो म्हणतं कोण? इंद्रजित! तो मायेने रचलेल्या खोट्या सीतेला वानरांसमोर कापत असताना हनुमंत त्याला म्हणतो, स्त्रीला मारतोस? त्यावर इंद्रजिताने दिलेलं उत्तर म्हणजे तो श्लोक.

पांडवांच्या बाजूचा, कृष्णाचा जिवलग वीर, स्वतःच्या कृत्याला आधार शोधायला जातो आणि त्याच्या हाती इंद्रजिताचं वाक्य लागतं. महाभारतकाराने हे जाणून केलं असं मी मानतो. ज्याला रामायण पाठ आहे त्या श्रोत्याच्या अंगावर काटा आलाच पाहिजे.

काळी_शाई
अनुष्टुभ, हे मला माहीत नव्हतं. खरंच काटा आला.

माझा मुद्दा मागे घेत नाही, पायदळातल्या माणसाचं काय हा प्रश्न आहेच. पण 'सोय' हा शब्द मागे घेतो. सोयीसाठी लिहिणारा माणूस आपल्या नायकाच्या तोंडी राक्षसाचा श्लोक घालणार नाही. 'अश्वत्थामा मेला' म्हणेपर्यंत युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो तेव्हा खाली टेकला, हेही लिहिणार नाही. आणि शांतिपर्वाच्या सुरुवातीला जिंकलेला राजा 'हा विजय मला पराजयासारखाच दिसतो' म्हणतो, तेही नाही.

मुक्ता_वाचते
कालचा रविवार झाला. अनुष्टुभ, तुमचा प्रतिसाद छापून नेला होता, तो वाचला. शेवंती, तुझ्या बाबांचंही वाचलं, राग मानू नकोस. सुभेदारकाका ऐकत होते. इंद्रजिताच्या श्लोकावर काही बोलले नाहीत. "तो माझ्या ताब्यात होता" यावर मात्र मान हलवली, दोनदा. मग मला विचारलं, "त्या सात्यकीचं पुढे काय झालं? युद्धात मेला का?" मी म्हटलं नाही, तो वाचला. पांडवांकडच्या वाचलेल्या मोजक्यांपैकी एक. ते म्हणाले, "मग हिशेब राहिला की."

मला पुढचं नीट आठवत नव्हतं. कुणी सांगेल?

शेवंती
राग कसला, बाबांना आवडलं असतं.

अनुष्टुभ
सुभेदारांना माझा नमस्कार सांगा. हिशेब राहिलाच होता. मौसलपर्वात तो पुरा होतो, युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी.

यादव प्रभासक्षेत्री जमलेत, मद्यपान चाललंय. सात्यकी भर बैठकीत कृतवर्म्याला हिणवतो: झोपलेल्यांना मारणारा कुठला क्षत्रिय? सौप्तिकपर्वात अश्वत्थाम्याने रात्री पांडवांच्या छावणीत कत्तल केली तेव्हा दाराशी उभा असलेला तोच हा कृतवर्मा. त्यावर कृतवर्मा तुच्छतेने डाव्या हाताने त्याच्याकडे बोट दाखवतो आणि विचारतो: हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला बसलेल्या भूरिश्रव्याला तू कसं मारलंस?

सात्यकी उठून त्याचं डोकं उडवतो. कृतवर्म्याची माणसं हातात होती त्या उष्ट्या भांड्यांनीच सात्यकीवर तुटून पडतात. कृष्णाचा मुलगा प्रद्युम्न वाचवायला मधे जातो. दोघेही कृष्णाच्या डोळ्यांदेखत मरतात. मग कृष्ण एरका गवत उपटतो, त्याचं मुसळ होतं, आणि पुढे बाप मुलाला, मुलगा बापाला मारतो. कुळ संपतं.

आपण घराघरातल्या, पक्षापक्षातल्या भांडणाला रोज 'यादवी' म्हणतो ना, ती यादवी या वादावरून पेटली. जमीन, गादी, बाई, काही नाही. युद्धाचे नियम कुणी मोडले, एवढ्यावरून.

सह्यकडा
डाव्या हाताने. भूरिश्रव्याला तेवढाच उरला होता.

मुक्ता_वाचते
आत्ता सुभेदारकाकांना फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, सौप्तिकपर्वाचं वाचन मी करतो, मधे थांबणार नाही.